पाऊल टाकण्याआधी : बरोक आणि तंजावरी नृत्याच्या पहिल्या पाठांची प्रस्तावना

१७२५ साली पॅरिसमध्ये प्येर रामो या नृत्यशिक्षकाने नृत्य शिकवण्याचा एक ग्रंथ छापला. त्याची सुरुवातीची प्रकरणे वाचताना नवखा वाचक बुचकळ्यात पडतो, कारण त्यांत नाच जवळजवळ नाहीच. उभे कसे राहावे, चालावे कसे, डोक्यावरची टोपी काढावी आणि पुन्हा ठेवावी कशी, कोणासमोर किती झुकावे, यातच बरीच पाने जातात. पुढच्या दहा-अकरा वर्षांत तंजावरच्या गादीवरचे मराठा राजे पहिले तुळजाजी भोसले यांनी 'संगीतसारामृत' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्याच्या नृत्याच्या भागात श्रमविधी आहे. नाचणाऱ्याने करायची मेहनत त्यात सांगितली आहे: पायांचे आघात, त्यांच्या जोडीची हातांची ठेवण, आणि ते करताना म्हणायचे बोल. पॅरिसच्या मास्तरांना तंजावरच्या राजाची खबर नव्हती, राजाला मास्तरांची नव्हती. तरी दोघांनी लेखणी उचलली ती एकाच कामासाठी. नाच उभा राहण्यापूर्वी अंग कसे तयार करायचे, हे कागदावर उतरवून ठेवण्यासाठी.

हे पुस्तकही त्या तयारीपुरतेच आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत फ्रान्सच्या दरबारात व रंगमंचावर जे नृत्य घडले आणि तिथून युरोपभर गेले, त्याला आज बरोक नृत्य म्हणतात. त्याचे पहिले पाठ आणि त्याच काळातल्या व त्यानंतरच्या तंजावरच्या मराठी दरबाराच्या नृत्याची तोंडओळख इथे शेजारी-शेजारी ठेवली आहे. रंगमंचावर कसे वावरावे आणि आपल्या गावच्या गोंधळाकडे, तमाशाकडे अभ्यासाच्या नजरेने कसे पाहावे, याचेही काही पाठ आहेत. वाचकाला फ्रेंच, संस्कृत किंवा तेलुगू यावी अशी अट नाही. नाचता यावे अशीही नाही.

सोलापूरहून तुळजापूरला जाताना महामार्गावर तामलवाडी लागते. फ्रान्सच्या राजाच्या नाचाचे या गावात काय काम, असे कोणी विचारले तर त्याचे चुकत नाही. पण या रस्त्याने काय काय जाते ते पाहा. कोजागरीला सोलापुरातून निघालेली लाखो माणसे सुमारे ४५ किलोमीटरची ही वाट पायी तुडवत देवीला जातात. नवरात्राच्या तोंडावर गावोगावची मंडळे तुळजापुरात ज्योत पेटवतात आणि अनवाणी धावत आपापल्या गावी नेतात. आराधी आणि गोंधळी यांचे येणे-जाणे तर बारमाही. पलीकडच्या सोलापुरात राम जोशींसारखा शाहीर होऊन गेला. इथे वाढलेल्या माणसाच्या नजरेखालून चालीचे, ठेक्याचे, झुलण्याचे शेकडो प्रकार गेलेले असतात. संबळ वाजू लागला की कोणाचा पाय कधी हलतो, हे त्याला न सांगता कळते. कळलेले सुटे करून मांडण्याची सवय तेवढी नसते, आणि ती लावून घेण्यासाठी परक्या नृत्याचा पाठ फार उपयोगी पडतो. परके असल्यामुळे त्यातले काहीच गृहीत धरता येत नाही.

तंजावरशी असलेले नाते तर याहून जवळचे. तुळजाभवानी ही भोसल्यांची कुलदेवता. तंजावरच्या गादीवर तुळजाजी नावाचे दोन राजे होऊन गेले, आणि त्यांतल्या पहिल्याने नृत्याचा श्रमविधी लिहिला. तुळजापूरच्या वाटेवर बसून तो वाचायला कोणाची परवानगी काढायला नको.

आधी काळाचा मेळ घालून घेऊ. १६५३ साली फ्रान्सचा चौदा वर्षांचा राजा चौदावा लुई एका रात्रभर चालणाऱ्या बॅलेत उगवत्या सूर्याच्या वेषात नाचला. १६६१ साली त्याने तेरा नृत्यगुरूंची राजअकादमी स्थापन केली. ल्युलीने संगीत दिलेली पहिली फ्रेंच संगीतशोकांतिका १६७३ साली रंगमंचावर आली, आणि पुढच्याच वर्षी रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला. १६७६च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावरात राज्य मांडले. त्यांचे पुत्र शहाजीराजे १६८४ ते १७१२ या काळात गादीवर होते. त्यांनी मराठीत आणि तेलुगूत नाटके लिहिली, एका नाटकात तर पाच भाषा एकत्र नांदवल्या. आपल्याकडे मराठी रंगभूमीचा इतिहास बहुतेकदा १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी केलेल्या 'सीतास्वयंवरा'पासून सांगितला जातो. तंजावरची नाटके त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधीची आहेत आणि त्यांत पात्र नाचत प्रवेश करते. म्हणजे लुईच्या दरबारात नृत्याचे नियम बांधले जात होते त्या काळात मराठी बोलणाऱ्या एका दरबारातही पात्राने कसे यावे, कसे वळावे याचा विचार चालू होता.

फ्रान्सच्या पद्धतीचे वैशिष्ट्य असे की तिथे पावले लिहून ठेवण्याची लिपी तयार झाली. पायांच्या पाच मूळ स्थानांची पद्धत लावण्याचे आणि ही लिपी शोधण्याचेही श्रेय राजाचे नृत्यगुरू प्येर बोशाँ यांना दिले जाते. ती छापून प्रसिद्ध केली राउल-ओझे फय्ये यांनी १७०० साली. १७०६ मध्ये तिचे इंग्रजी भाषांतर आले. या लिपीत लिहिलेली तीनशेहून अधिक नृत्ये आज उपलब्ध आहेत.

त्यातले एखादे पान समोर घ्या. पान म्हणजे जमीन, माडीवरून खाली पाहिलेल्या खळ्यासारखी. कडेला वरच्या बाजूला सुरावट लिहिलेली असते. खाली एक रेघ वळणे घेत जाते. तो नाचणाऱ्याचा मार्ग. सुरावटीत जिथे आवर्तनाची रेघ असते तिथे मार्गावरही आडवी रेघ असते, त्यामुळे कोणत्या सुरावर कुठे असायचे ते जुळवता येते. मार्गाच्या डाव्या-उजव्या अंगाला त्या त्या पायाच्या खुणा: आरंभी ठिपका, मग पाय जसा जाईल तशी रेघ, शेवटी पंजाची दिशा दाखवणारा छोटा फाटा. या रेघेवर तिरपी खूण दिसली की गुडघे वाकवायचे, सरळ खूण दिसली की टाचा उचलून वर यायचे, दोन सरळ खुणा दिसल्या की उडी. पानाची वरची कड म्हणजे राजा बसतो ती बाजू. ही एवढी बाराखडी घोकली की सोपी पाने दोन-तीन दिवसांत वाचता येऊ लागतात.

वाचता येणे आणि पायात उतरणे यांत मात्र अंतर आहे. मिन्युएट या नृत्याचा एकच पाठ पाहू. संगीत तीन मात्रांचे, आणि नाचातले एक पाऊलचक्र दोन आवर्तनांचे. म्हणजे सहा मात्रा. आपल्याला हा हिशेब दादऱ्यामुळे अंगवळणी आहे. या सहा मात्रांत पावले चार. प्रचलित पद्धतीप्रमाणे पहिल्या मात्रेवर उजवा पाय, तिसरीवर डावा, चौथीवर उजवा, पाचवीवर डावा. दुसऱ्या आणि सहाव्या मात्रेला पाऊल नाही, तिथे गुडघे वाकतात. पावलांमधली अंतरे मोजा: दोन, एक, एक, दोन. सुरावट तीन-तीन म्हणते आणि पाय दोन-एक-एक-दोन म्हणतात. पहिल्या मात्रेवर दोघे भेटतात, मध्ये वेगळ्या वाटेने जातात, पुन्हा पहिल्या मात्रेवर भेटतात. समेवर येण्याचा आनंद ज्याला ठाऊक आहे त्याला या नाचाची गंमत समजावून सांगावी लागत नाही.

आता याच पाठातली खरी अडचण. पहिल्या मात्रेवर शरीर वर येते. त्याच्या आधीच्या सहाव्या मात्रेवर ते खाली गेलेले असते. बरोक नृत्यात गुडघे ठेक्याच्या आधी वाकतात आणि ठेका पडतो तेव्हा नाचणारा चवड्यांवर उचललेला असतो. आपल्या बहुतेक नृत्यांत याच्या उलट. भरतनाट्यमच्या पहिल्या अडवूत, म्हणजे पहिल्या मूळ पाऊलसंचात, गुडघे वाकलेलेच राहतात, पाय उचलला जातो तो दोन ठेक्यांच्या मधल्या फटीत, आणि ठेक्यावर तळवा जमिनीवर आपटतो. कथकचा तत्कार आणि लावणीतला घुंगरांचा ठोका घ्या, वजन खालीच येते. म्हणून मराठी विद्यार्थी पहिल्यांदा मिन्युएट करतो तेव्हा पावले अचूक टाकूनही नाच दिसतो भलताच, कारण समेवर तो खाली बसलेला असतो.

या सगळ्या अभ्यासाविषयी मला जे सांगायचे आहे ते इथे आहे. नृत्याची ओळख पावलांच्या यादीवरून पटत नाही. ठेका पडतो त्या क्षणी शरीराचे वजन कुठे असते, यावरून पटते. हे वजन लिपीत नीटसे मावत नाही आणि शिल्पात तर थिजून जाते. ग्रंथात ते एखाद्या क्रियापदात लपून बसते. ते ओळखता यावे म्हणून आधी स्वतःच्या अंगात तोल सरकताना जाणवला पाहिजे. म्हणून पुढच्या पाठांत पहिले तीन आठवडे पावले नाहीत. उभे राहणे, एका पायावरून दुसऱ्यावर वजन नेणे, वाकणे, उचलणे, चालणे, वळणे, एवढेच आहे. कंटाळा येईल. रामोंच्या टोपीच्या पानांचाही येत असणार.

कागदाची मर्यादा युरोपातल्या अभ्यासकांनाही सोसावी लागली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ही लिपी मागे पडली आणि नृत्य बॅलेच्या वाटेने पुढे गेले. विसाव्या शतकात काही जणांनी जुनी पाने पुन्हा उघडली. अमेरिकेत वेंडी हिल्टन यांचा दरबारी व रंगमंचीय नृत्यावरचा ग्रंथ १९८१ साली आला. कॅथरीन टुरोसी यांनी १९७६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये बरोक नृत्याचा संच सुरू केला. फ्रान्समध्ये फ्रान्सीन लान्सलो यांनी पाने वाचली, नर्तक तयार केले, आणि १९८७ साली ल्युलीचे 'आतिस' हे संगीतनाट्य पॅरिसमध्ये पुन्हा रंगमंचावर आले तेव्हा त्यातली नृत्ये त्यांची होती. या सर्वांना पान वाचताना एकच प्रश्न पुन्हा पुन्हा पडला: इथे गुडघे वाकवायचे हे ठीक, पण किती, आणि किती वेळ? उत्तर पानात नव्हते. ते टाचेच्या बुटात, कसलेल्या चोळीत, वादकाच्या धनुकलीच्या उचलीत शोधावे लागले. उंच टाचेच्या बुटात खोल वाकताच येत नाही. लिपीने न सांगितलेली गोष्ट बुटाने सांगितली.

मराठी अभ्यासकापुढची सामग्री वेगळ्या प्रकारची आहे, आणि ती वाटते त्याहून पुष्कळ आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. सिंघण राजाच्या कारकिर्दीतला हा ग्रंथ. त्याचा सातवा अध्याय नर्तनाचा आहे. भरताच्या परंपरेतली १०८ करणे, म्हणजे हातापायांच्या जोड हालचाली, त्यात आहेत, शिवाय उभे राहण्याचे प्रकार, पायांच्या चारी, आणि त्या काळी प्रचारात असलेल्या देशी चालीही आहेत. म्हणजे मराठवाड्याच्या भूमीवर बसून एका माणसाने शास्त्रातले आणि लोकांत दिसणारे एका ग्रंथात आणले. त्याच भूमीवर दगडातली साक्षही आहे. औरंगाबादच्या सातव्या लेण्यात वादक स्त्रियांच्या मेळ्यात नाचणारी स्त्री आहे. निलंग्याच्या नीलकंठेश्वराच्या भिंतीवर सुरसुंदरी आहेत. मूर्तीसमोर उभे राहिलात तर आधी हात पाहू नका. कोणता गुडघा मोकळा आहे, कंबर कोणत्या बाजूला बसली आहे आणि सगळा भार कोणत्या टाचेवर आहे ते पाहा. हात मग आपोआप समजतात.

दुसरे दालन तंजावरचे. तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी नाटके, पदे आणि मोडी कागद आहेत. १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेले दुसरे सरफोजीराजे यांच्या मराठी निरूपणांचे महत्त्व नृत्याच्या दृष्टीने सर्वांत जास्त. एक कथा घ्यायची, तिला एकच राग आणि एकच ताल ठरवायचा आणि त्यात एकामागून एक अठरा प्रकार गुंफायचे: जयजय, शरणु, अलारू, शोल्लू, शब्द, वर्ण, पद, स्वरजती असे करत तिल्लाना आणि जक्किणीवरून पुढे मंगलापर्यंत. याच सुमारास याच दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चौघे बंधू होते, ज्यांनी आजच्या भरतनाट्यमच्या कार्यक्रमाचा क्रम घडवला. सरफोजीराजांचे शिक्षण श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली झाले होते, आणि त्यांच्या दरबारात पाश्चात्त्य वाद्येही वाजत होती. बरोक संगीतातल्या नृत्यमालिकेशी या निरूपणाची तुलना करून पाहण्यासारखी आहे. तिथेही एकामागून एक नृत्ये येतात आणि स्वराचे ठिकाण एकच राहते, पण ताल प्रत्येक नृत्याला बदलतो. सरफोजीराजे ताल बदलत नाहीत. एकाच तालाच्या घरात राहून अठरा तऱ्हांनी वावरायचे, हे नाचणाऱ्यासाठी जास्त कठीण की सोपे, याचा निवाडा करून पाहिल्याशिवाय देता येत नाही.

आणि ते करून पाहणारी माणसे मराठीत झाली. मुंबईतले आचार्य पार्वतीकुमार यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरफोजीराजांच्या या मराठी रचना हाती घेतल्या, त्यांना नृत्यरूप दिले आणि 'तंजावर नृत्य प्रबंध' म्हणून मांडले. त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी त्या रंगमंचावर आणल्या आणि पुढे स्वतःही तंजावरच्या मराठी साहित्यावर काम केले. लान्सलो यांनी पॅरिसमध्ये जे केले त्याच जातीचे हे काम. फरक इतकाच की लान्सलो यांच्यासमोर पावले लिहिलेली होती आणि नाचणारी परंपरा तुटलेली होती. पार्वतीकुमारांसमोर साहित्य लिहिलेले होते, पावले नव्हती, पण अडवूंची परंपरा गुरूंच्या अंगात जिवंत होती. ज्याच्याकडे जे नव्हते ते दुसऱ्याकडे होते. दोघांच्या पद्धती शेजारी ठेवून शिकावे असे मला वाटण्याचे हेच कारण.

रंगमंचावरच्या वावराचे पाठ वेगळ्या भागात घेतले आहेत, कारण तिथे आणखी एक प्रश्न येतो: समोर कोण आहे? फय्येच्या पानावर वरच्या कडेला राजा. त्याच्याकडे पाठ करायची नाही, वळणेसुद्धा त्याला सामोरे राहतील अशी. देवळात नाचणारीपुढे गाभारा. गोंधळात चौक मांडलेला, पाच उसांचा किंवा ताटांचा मांडव उभारलेला, दिवटी तेवत असलेली. तिथे देवीही समोर आहे आणि यजमान घरही. तमाशात गवळणीला समोर कृष्ण उभा असतो आणि पलीकडे शिट्ट्या मारणारे रसिक. कोणत्याही जुन्या नाचाचा अभ्यास करताना आधी ही समोरची बाजू शोधावी. पावलांचा मार्ग तिच्यावरून ठरतो.

मंचाची रचनाही शरीराला शिस्त लावते. बरोक रंगमंचावर मागे रंगवलेल्या इमारती लहान लहान होत दूर जात. नट मागे सरकला तर तो त्या घरांहून उंच दिसू लागे, म्हणून तो पुढेच राही. उजेड मेणबत्त्यांचा. त्यामुळे चेहरा आणि हात वाचता येतील असेच ठेवावे लागत. हातांच्या हालचालींचे नियम त्या काळच्या वक्तृत्वाच्या ग्रंथांतून आले होते. जॉन बुलवर यांनी १६४४ साली हातांच्या भाषेवर लिहिले, गिल्बर्ट ऑस्टिन यांनी १८०६ मध्ये हातवाऱ्यांसाठी खुणांची पद्धतच बनवली, आणि डीन बार्नेट यांनी १९८७च्या आपल्या ग्रंथात ही सगळी सामग्री एकत्र केली. हात सहसा डोळ्यांच्या वर जात नाही आणि कमरेखाली उतरत नाही, डाव्या हाताने एकट्याने बोलायचे नाही, नाचताना पुढच्या पायाच्या विरुद्ध बाजूचा हात उचलायचा. ज्याने अभिनयाचे हस्त शिकले आहेत त्याला हे नियम तोकडे वाटतील, कारण त्यांत प्रत्येक आकाराला अर्थ नाही. मात्र हात वाक्याच्या नेमक्या कोणत्या शब्दावर थांबावा, याचा विचार तिथे फार बारकाईने केला आहे, आणि आपल्या संवादप्रधान रंगभूमीला त्यातून घेण्यासारखे बरेच आहे.

स्त्रीच्या चालीचा एक धडाही याच भागात आहे. पॅरिसच्या ऑपेराच्या मंचावर व्यावसायिक नर्तकी आल्या त्या १६८१ मध्ये. तोवर तिथल्या नृत्यांतल्या स्त्रीभूमिका पुरुष करत. आपल्याकडे तर नाच्या पोरापासून बालगंधर्वांपर्यंत ही परंपरा विसाव्या शतकात येते. पुरुषाने स्त्रीची चाल उभी करताना पावलांची लांबी, खांद्यांचे वजन आणि पदर सावरण्याची वेळ यांचा हिशेब बांधलेला असतो. तो हिशेब लिहून काढणे हा उत्तम अभ्यास आहे.

आता गावाकडे. गोंधळ पाहताना सांगणाऱ्या नाईकाकडेच लक्ष जाते. एकदा मुद्दाम संबळवाल्याकडे पाहा. दोन तोंडांचे वाद्य पोटाशी बांधलेले, हातात काड्या. त्यामुळे त्याला लांब ढांग टाकता येत नाही. पाठ किंचित मागे जाते, गुडघे सैल राहतात आणि तो पाऊल उचलण्याऐवजी सरकवतो. तो नाचत नसतो, पण त्याच्या शरीराने वाद्याशी केलेली ही तडजोड पुढे उभ्या असलेल्या नाईकाच्या पायातही दिसते, कारण दोघांचा श्वास एकाच लयीत असतो. नाईकाचा घोळदार झगा पायांची हालचाल झाकतो, म्हणून दिसते ती गिरकी आणि छातीवरच्या कवड्यांच्या माळेचे हेलकावे. वेषाने काय झाकले आणि काय उघडे केले, हा प्रश्न फ्रान्सच्या दरबारातल्या घेरदार पोशाखालाही तसाच विचारता येतो.

इथे एक मोह टाळला पाहिजे. 'संगीतरत्नाकरा'त गौंडली नावाच्या नृत्याचे वर्णन आहे. काकतीयांच्या आश्रयाला असलेल्या जायसेनापतीने १२५३-५४च्या सुमारास लिहिलेल्या 'नृत्तरत्नावली'त त्या नृत्याचा संबंध कल्याणच्या चालुक्य सोमेश्वराशी जोडला आहे. कल्याण म्हणजे आजचे बसवकल्याण, आपल्या जिल्ह्याच्या सीमेपलीकडचे. गोंधळ त्यातूनच आला असे सांगण्याची इच्छा साहजिक आहे. पण ग्रंथातल्या वर्णनात स्वतः गाणारी-नाचणारी स्त्री आहे, आणि आजचा गोंधळ पुरुषांचा मेळा करतो. मधल्या सातशे वर्षांत काय घडले याचा पुरावा हाती येईपर्यंत दोन्ही गोष्टी शेजारी ठेवाव्या, एकीतून दुसरी काढू नये. तोच नियम बरोकला लागू. मिन्युएटच्या सहा मात्रा समजायला दादऱ्याची मदत होते, एवढ्यावरून दोघांचे घराणे एक ठरत नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. फ्रान्समध्ये राजा नाचला आणि दरबारी नृत्याची पावले पत्र्यावर कोरून छापली गेली. आपल्याकडे नाच सांभाळला तो गोंधळी, कोल्हाटी, देवदासी यांच्या घरांनी, आणि बदल्यात त्यांना बहुतेकदा अवहेलना मिळाली. गोंधळाची विद्या त्या घरांची उपजीविका आहे. तिचे चित्रीकरण करून आणायचे, नावानिशी उल्लेखही करायचा नाही, आणि मग त्यावर निबंध वाचायचा, हे अभ्यासाच्या नावाखाली चालू नये. परवानगी घ्यावी, बिदागी द्यावी, नाव द्यायचे की नाही हे त्यांनाच विचारावे. परभणीच्या राजारामभाऊ कदमांसारख्या गोंधळ्याने ही कला मोठमोठ्या व्यासपीठांवर नेली, रा. चिं. ढेऱ्यांसारख्या संशोधकाने तुळजाभवानीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. कलावंत आणि अभ्यासक एकमेकांचा मान राखून काम करू शकतात, याची उदाहरणे आपल्यासमोर आहेत.

पुस्तक कसे वापरावे याविषयी थोडे. पाठ जोडीने करावेत: एकाने करायचे, दुसऱ्याने फक्त वजन कुठे आहे ते सांगायचे, मग अदलाबदल. आरसा सुरुवातीला नको, कारण आरशात आकार दिसतो आणि तोल दिसत नाही. बरोकचे पाठ शक्यतो फरशीवर आणि पातळ तळव्याच्या चपलेत किंवा बुटात करावेत, तंजावरचे अनवाणी. दोन्ही एका दिवशी करू नयेत. सुरुवातीला पायांचा गोंधळ उडतो. संगीत नसले तरी चालेल, तोंडाने मात्रा मोजा. दर पाठाच्या शेवटी निरीक्षणासाठी एक काम दिले आहे. पंढरीच्या वारीतली पावली, लेझमीचा फेर, हलगीपुढचा नाच, लग्नातली वरात, यांपैकी जे हाताशी असेल ते पाहून ठेका पडतो तेव्हा वजन वर असते की खाली, एवढेच वहीत लिहायचे. वर्षभरात त्या वहीत जे जमेल ते या पुस्तकाहून मोलाचे असेल.

शेवटी, या क्षेत्रात माणसांची गरज का आहे ते सांगतो. तंजावरच्या मराठी नाटकांत पात्रप्रवेशाच्या ज्या जागा आहेत त्या नाचणाऱ्याच्या नजरेने फार थोड्यांनी वाचल्या आहेत. ज्यांना मोडी येते त्यांना ताल येत नाही, ज्यांना ताल येतो त्यांना मोडी येत नाही. तुळजाजींच्या श्रमविधीचा मराठीत रोज वापरता येईल असा पाठ व्हायला हवा. गोंधळातल्या हालचालींसाठी एखादी साधी लिपी करून पाहायला हवी, फय्येची उसनी घेऊन नव्हे तर त्याने कसा विचार केला ते समजून घेऊन. मराठवाड्यातल्या देवळांमधल्या नृत्यमूर्तींची नोंद कोणत्या पायावर भार आहे या कसोटीवर करायला हवी. यांतले कोणतेही काम करायला पॅरिसला जावे लागत नाही. बरीचशी कामे तर धाराशिव जिल्ह्यातून, सुट्टीच्या दिवशी, एक वही आणि एक जोडीदार घेऊन सुरू करता येतात. ज्याला हौस आहे त्याने पहिला पाठ उघडावा आणि आधी नीट उभे राहावे.

तामलवाडी, ता. तुळजापूर
कोजागरी पौर्णिमा